पाहुण्यांसाठी मांडलेल्या खाटा

लग्नघरी किती पाहुणे यायचे हे ठरले, की आमच्या वसईकडे पूर्वी पहिली काळजी जेवणाची नसे, निजण्याची असे. जेवणाचे काय, मोठे पातेले चढवले की भागते. परंतु माणसाला पाठ टेकायला साडेपाच फूट जमीन लागतेच, आणि ती पाणी घालून वाढवता येत नाही. मग शेजाऱ्याची ओटी, चुलत्याची पडवी, पलीकडच्या वाडीतली पंपाची खोली अशी जागांची मोजदाद सुरू होई. सतरंज्या, चटया, गोधड्या घरोघरून मागून आणल्या जात आणि कोणाची कोणती हे पुढे ओळखू यावे म्हणून त्यांच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याचा टाका घातला जाई. पाहुणे निजले, की घरची माणसे उरलेल्या जागेत, बहुधा मांडवाखालीच, अंग टाकीत. यजमानाने स्वतःची जागा पाहुण्याला द्यायची आणि आपण बाहेर निजायचे, हा त्या काळचा अलिखित नियम होता.

हे सारे मला आठवले ते कतारच्या दोहा शहरात. २०२२ सालच्या ऑक्टोबरात पंधरा दिवसांसाठी मी माझ्या भाच्याकडे गेलो होतो. विश्वचषक फुटबॉल स्पर्धा महिन्यावर आली होती आणि एक संपूर्ण देश लग्नघरासारखा निजण्याच्या जागा मोजत होता.

कतार केवढा? साडेअकरा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पालघर जिल्ह्याच्या दुपटीहून थोडा अधिक. वस्ती तीस लाखांच्या आतबाहेर; त्यांत देशाचे मूळ नागरिक साधारण दहांत एक, बाकीचे भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, फिलिपाइन्स आणि आफ्रिकेतून पोटासाठी आलेले. २ डिसेंबर २०१० रोजी झुरिच येथे फिफाने या देशाच्या पदरात २०२२ ची स्पर्धा टाकली, तेव्हा पुष्कळांनी भुवया उंचावल्या होत्या. उन्हाळ्यात तेथे पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. अखेर २०१५ साली असे ठरले, की स्पर्धा जून-जुलैत न घेता नोव्हेंबर-डिसेंबरात घ्यावी. उन्हाचा प्रश्न निदान खेळाडूंपुरता सुटला. जागेचा प्रश्न मात्र उरला, आणि तो अशा प्रकारचा होता की विश्वचषकाच्या इतिहासात तसा पूर्वी कधी आला नसावा.

रशिया, ब्राझील यांसारख्या विस्तीर्ण देशांत स्पर्धा झाली म्हणजे प्रेक्षक दहा-बारा शहरांत पांगतात. कोणत्याही एका गावावर भार पडत नाही. कतारमध्ये आठ मैदाने, त्यांतली सात नवी बांधलेली, आणि एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन मैदानांतले अंतर अवघे पाऊणशे किलोमीटर. म्हणजे डहाणूहून निघालेला माणूस जेमतेम वसईपर्यंत पोचेल इतक्या टापूत जगातील सर्वांत मोठा उत्सव. दहा लाखांहून अधिक माणसे येणार आणि ती सगळी एकाच शहराच्या अंगावर येणार. हॉटेलांच्या खोल्या होत्या सुमारे तीस हजार. त्यांतल्या बहुतेक फिफाने संघ, पंच, अधिकारी आणि पुरस्कर्ते यांच्यासाठी आधीच राखून ठेवलेल्या. मग बाकीच्यांनी निजायचे कोठे?

या प्रश्नाला कतारने दिलेली उत्तरे पाहून कोणालाही कौतुक वाटावे. बंदरात प्रचंड प्रवासी जहाजे आणून नांगरली. ती स्पर्धा संपेपर्यंत तरंगती हॉटेले व्हायची होती. वाळवंटात तंबूंची गावे उभी केली. नव्या इमारतींतील सदनिका आणि बंगले मिळून साठ हजारांहून अधिक खोल्या शासनाने एकत्र केल्या आणि त्यांची व्यवस्था अकोर या फ्रेंच हॉटेल कंपनीकडे सोपवली. त्या कामासाठी तिला जगभरातून बारा हजार माणसे भरती करायची होती. दुबई, मस्कत, रियाध, जेद्दा, कुवेत येथून सकाळी विमानाने येऊन सामना पाहून रात्री परत जाता येईल अशी फेऱ्यांची सोय केली. दोह्यातील रहिवाशांनाही आपल्या घरी आप्तेष्टांना ठेवून घेण्याची मुभा दिली, मात्र त्यांची नावे सरकारदरबारी नोंदवून. मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येकाला 'हय्या' नावाचे ओळखपत्र बंधनकारक, आणि निजण्याची सोय दाखवल्यावाचून ते मिळणे नाही. शाळांना १८ नोव्हेंबरपासून महिनाभराची सुट्टी, सरकारी कचेऱ्यांतले बहुसंख्य कर्मचारी घरूनच काम करणार, जेणेकरून रस्ते मोकळे राहावेत. चालकावाचून धावणारी मेट्रो २०१९ सालीच सुरू झाली होती. मी तीतून फिरलो. डब्यात एक कागदाचा कपटा दिसला नाही. आपल्या विरार लोकलची सवय असलेल्या माणसाला तेथे उगाचच अवघडल्यासारखे होते, हेही नमूद करतो.

परंतु सर्वांत अधिक बोलबाला होता तो कॅबिनींच्या वसाहतींचा. विमानतळाच्या बाजूस 'फ्री झोन' नावाच्या मोकळ्या पट्ट्यात पत्र्याच्या सुमारे सहा हजार खोल्या एकीशेजारी एक मांडल्या होत्या. भाच्याने गाडी हळू केली तेव्हा मला त्या लाल, निळ्या, पिवळ्या रांगांचा शेवट दिसेना. एका खोलीत दोघांची सोय. एका रात्रीचे भाडे साडेसातशे रियालच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या दराने सतरा हजार रुपये.

या खोल्यांत खाटा मांडणाऱ्यांपैकी एक मुलगा आमच्या धर्मग्रामातला होता.

तो मला चर्चच्या आवारात भेटला. दोह्यात साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असते, म्हणून ख्रिस्तयागाची खरी गर्दीही शुक्रवारीच. २००८ साली उभ्या राहिलेल्या त्या मंदिरावर बाहेरून क्रूस नाही की घंटा नाही, पण आत पाय ठेवायला जागा नसते. मल्याळी, गोवेकर, फिलिपिनो, सिंहली अशा त्या गर्दीतून "फादर, इकडे कुठे?" असा अस्सल आपल्याकडचा सूर कानी आला आणि वळून पाहतो तो हा. याच्या लग्नाचा विधी मीच केला होता, याच्या दोन्ही मुलींचा स्नानसंस्कारही माझ्याच हातचा. धाकटीला त्याने तोवर मोबाइलच्या पडद्यावरच मोठी होताना पाहिले होते. तो एका कंत्राटदाराकडे सफाई आणि खोल्यांच्या देखभालीच्या कामावर होता. गेले काही महिने त्याची नेमणूक या कॅबिनींवर होती.

"काम काय करतोस?" मी विचारले.

"खाटा जोडतो, फादर. दोन खाटा, मध्ये एक छोटे टेबल, एक लहान फ्रिज, एसी, मागे संडास-न्हाणी. दिवसाला आमच्या टोळीच्या बावीस-पंचवीस खोल्या होतात. मग गाद्या, चादरी. चादरीला सुरकुती दिसली तर सुपरवायझर परत घालायला लावतो."

"आणि तू कुठे निजतोस?"

तो हसला. "आमचे बॅचलर अकोमोडेशन आहे."

हा शब्द माझ्या कानाला खटकला. मागाहून भाच्याने उलगडा केला. आखातात 'बॅचलर' म्हणजे अविवाहित नव्हे. बायकामुलांवाचून राहणारा कामगार तो बॅचलर. कुटुंबाला आणायचे तर ठरावीक पगार लागतो. तो ज्याला नाही तो, मग त्याला चार मुले असोत की नातवंडे, कागदोपत्री ब्रह्मचारीच. आणि कुटुंबांसाठी राखलेल्या वस्त्यांत अशा 'ब्रह्मचाऱ्यांच्या' निवासाला २०१० सालच्या कायद्याने बंदी. आम्ही धर्मगुरू हे व्रत समजून उमजून स्वीकारतो. विवाहसंस्काराच्या वेदीवरून उतरलेल्या माणसाला ते परक्या देशाच्या एका रकान्यातून मिळावे, याला काय म्हणावे ते मला अजून सुचलेले नाही.

त्याची जागा मी पाहिली. शहराच्या जुन्या भागातील चार मजली इमारत, जिन्यात सायकली आणि तांदळाची पोती. एका खोलीत सहा जण: हा, दोन केरळी, एक आंध्रचा, दोघे नेपाळी. लोखंडी खाटा एकीवर एक. वास्तविक कतारचाच नियम असा, की एका खोलीत चौघांहून अधिक नकोत, माणशी निदान सहा चौरस मीटर जागा हवी आणि खाटांवर खाटा नकोत. नियम वाईट आहेत असे कोणी म्हणू नये. त्याच्या उशाशी भिंतीला मुलींचा फोटो आणि आपल्या चर्चचे कॅलेंडर होते. सहाही जणांनी मिळून माझ्यासाठी चहा केला आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची मला दिली. ते खाटांवर पाय वर घेऊन बसले, कारण सगळ्यांनी पाय खाली सोडले असते तर जमिनीवर मावले नसते.

मी हिशेब घातला. कतारने २०२१ च्या मार्चपासून किमान वेतन लागू केले, ते महिना एक हजार रियाल. राहण्याची व जेवणाची सोय मालक करीत नसेल तर वर आठशे. म्हणजे महिनाभर खाटा जोडून माणसाच्या हाती जे मूळ वेतन पडावे, त्यात त्याने जोडलेल्या खोलीत पुरत्या दोन रात्रीही काढता येत नव्हत्या. हे त्याला मी बोलून दाखवले नाही. त्याने तो हिशेब माझ्याआधीच केला असणार.

अर्थात त्या देशाने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूर्वी मालकाच्या परवानगीवाचून कामगाराला नोकरी बदलता येत नसे. ती अट २०२० साली कायद्याने गेली. देश सोडण्यासाठी लागणारा परवाना बहुतेकांसाठी त्याआधीच रद्द झाला होता. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करवून घ्यायचे नाही, असा आदेश २०२१ साली निघाला. औद्योगिक भागात हजारो कामगारांसाठी दुकाने आणि क्रिकेटच्या मैदानासह नव्या वसाहती बांधल्या गेल्या. आमचा हा मुलगाही म्हणाला, "फादर, आधीच्यांनी जे काढले ते आम्हांला नाही काढावे लागले."

आधीच्यांनी काय काढले? २०१४ साली माझ्या तेव्हाच्या धर्मग्रामात दोह्याहून एक शवपेटी आली. चौतीस वर्षांचा धडधाकट माणूस, बांधकामावर लोखंड बांधायचा. रात्री जेवून निजला तो सकाळी उठला नाही. दाखल्यावर 'नैसर्गिक मृत्यू' अशी नोंद होती. त्याच्या आईने मला तो कागद तीनदा वाचून दाखवायला लावला आणि तिसऱ्या वेळी विचारले, "फादर, नैसर्गिक म्हणजे?" मी अर्थ सांगितला. तो तिला नको होता. लंडनच्या 'गार्डियन' या वृत्तपत्राने २०२१ साली प्रसिद्ध केले, की स्पर्धा कतारला मिळाल्यानंतरच्या दशकात भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका या पाच देशांतील साडेसहा हजारांहून अधिक माणसे तेथे मरण पावली. ही संख्या सर्व व्यवसायांतील, सर्व कारणांनी मेलेल्यांची आहे. सगळी मैदाने बांधताना मेली असे नव्हे. स्पर्धेच्या आयोजन समितीचे प्रमुख हसन अल थवादी यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये एका मुलाखतीत चारशे ते पाचशे हा आकडा उच्चारला. आकड्यांचा वाद विद्वानांनी करावा. या मृत्यूंपैकी फार मोठ्या भागाची कारणे कोणी खोलात जाऊन तपासलीच नाहीत, एवढे मात्र दोन्ही बाजूंच्या कागदांतून दिसते.

मी परतलो आणि ऑक्टोबर संपता संपता त्याचा फोन आला. त्यांची इमारत रिकामी करण्यात आली होती. संध्याकाळी माणसे आली, सामान बाहेर काढा म्हणाली, रात्री दारांना कुलपे लागली. तो आणि त्याचे सोबती पहिली रात्र फुटपाथवर गाद्या टाकून निजले. पुढे कंत्राटदाराने औद्योगिक भागातल्या एका निवासात जागा दिली. कामावर जायला पूर्वी अर्धा तास लागे, आता बसने दीड. त्याच सुमारास रॉयटर्स या वृत्तसंस्थेनेही बातमी दिली, की दोह्याच्या अल मन्सुरा भागातील डझनभराहून अधिक इमारती अशाच रिकाम्या केल्या गेल्या आणि तेथे प्रामुख्याने आशियाई व आफ्रिकी कामगार राहत होते. सरकारचा खुलासा असा, की याचा स्पर्धेशी संबंध नाही, शहराच्या पुनर्रचनेचा तो भाग आहे, रहिवाशांना पुरेशी सूचना आणि योग्य पर्यायी जागा दिलेली आहे. संबंध असेल किंवा नसेल. पाहुणे यायला तीन आठवडे असताना, पाहुण्यांच्या खाटा मांडणारा माणूस रस्त्यावर निजला, ही घटना माझ्यापुरती तरी खुलाशाने पुसली जात नाही. आमच्या लग्नघरीही घरची माणसे बाहेर निजत. पण ती घरची असत, आणि पाहुणे गेले की आपापल्या जागी परत येत.

युरोपातील वृत्तपत्रे त्या दिवसांत कतारवर तुटून पडली होती. त्यांचे म्हणणे चूक नव्हते. परंतु त्याच देशांतील कंपन्यांनी तेथे मैदाने आणि रस्ते उभारण्याची कंत्राटे घेतली होती, आणि ती घेताना खाटा कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही. आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावे? २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या तेव्हा परदेशी पाहुण्यांच्या नजरेस पडू नयेत म्हणून झोपड्या फलकांआड झाकल्या गेल्या. आपल्या वसई-विरार पट्ट्यात आज वीस-वीस मजल्यांचे मनोरे चढत आहेत. त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या आडोशात जे राहतात ते मराठवाड्यातून, झारखंडातून, बंगालातून आलेले आहेत, आणि इमारतीला रंग लागला की पहिल्यांदा तो आडोसा हटतो. कतारच्या वाळवंटात जगाचे कॅमेरे पोचले म्हणून तेथले निदान दिसले. असो.

स्पर्धा २० नोव्हेंबरला सुरू झाली. पहिला सामना अल बैत मैदानावर झाला, ज्याचा आकारच भटक्या अरबांच्या तंबूसारखा आहे. वाटसरूला तंबूत घेणे हा त्या लोकांचा जुना धर्म. सुरुवातीला आलेल्या काही पाहुण्यांना कॅबिनींचे काम अपुरे आढळले, कोठे एसी पुरेसा थंड करीना, आणि त्यांनी तक्रारी केल्या. त्या रात्री आमच्या मुलाच्या टोळीने सलग सोळा तास काम केले. रहिवाशांसाठी चाळीस रियालची स्वस्त तिकिटेही होती, पण ती मिळेपर्यंत संपलेली असत आणि मिळाली तरी रजा नसे. त्याने एकही सामना मैदानात पाहिला नाही. अंतिम सामना त्याने औद्योगिक भागातल्या क्रिकेटच्या मैदानावर, कामगारांसाठी लावलेल्या मोठ्या पडद्यावर पाहिला. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची तीन-तीन अशी बरोबरी, मग पेनल्टीवर अर्जेंटिनाचा विजय. "मेस्सीने कप उचलला तेव्हा नेपाळी, बंगाली, आपले लोक, सगळे रडत होते, फादर. का रडत होतो कोणास ठाऊक." तो दिवस १८ डिसेंबर. कतारचा राष्ट्रीय दिन. संयुक्त राष्ट्रांच्या पंचांगात तोच दिवस आंतरराष्ट्रीय स्थलांतरित दिन म्हणून पाळला जातो; लुसैलच्या मैदानातील अठ्ठ्याऐंशी हजार प्रेक्षकांपैकी किती जणांना ते ठाऊक होते, कोण जाणे.

जानेवारीत त्याचे कंत्राट संपले आणि तो घरी आला. धाकटी त्याच्याजवळ जाईना. दाराआडून पाहायची आणि फोनमध्ये तोंड घालून "पप्पा" म्हणायची. त्याला पंधरा दिवस लागले.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला. हजारो माणसे गेली, लाखो भर थंडीत उघड्यावर आली. काही दिवसांनी बातमी आली, की विश्वचषकासाठी आणलेल्या कॅबिनी आणि फिरती घरे मिळून दहा हजार निवारे कतार भूकंपग्रस्तांसाठी पाठवीत आहे आणि पहिले जहाज निघालेही. पुन्हा आखातात जाण्यासाठी काही कागदांवर माझी सही घ्यायला तो त्याच आठवड्यात धर्मग्रामाच्या कचेरीत आला होता. मी त्याला वर्तमानपत्रातले छायाचित्र दाखवले: बंदरावर लटकणारी एक पत्र्याची खोली. त्याने ते बराच वेळ निरखले.

"आमच्यातलीच असेल," तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "त्यांचे दार कधी कधी अडकते, फादर. लावताना कडीला धरून किंचित वर उचलावे लागते. त्यांना तिथे कोणी सांगितले असेल का?"